सभेत फुटलेली स्कूटी

कोळवणच्या एका बंगल्यांच्या सोसायटीत मी स्वयंपाकाला जाते. दुपारी एक ते दोन सुट्टी. गेल्या वर्षी त्या सुट्टीत, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी चोरून स्कूटी शिकत होते. शिकवणारी माझी मैत्रीण, तिथंच साफसफाई करणारी. गाडी तिची, आरडाओरडाही तिचाच. नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो पौडच्या रस्त्यावर वीस वर्षं जीप चालवतो आणि "हिला रस्ता वलांडता येत न्हाई" म्हणून चारचौघांत हसतो. त्यामुळे पुरती शिकल्याशिवाय मला त्याला पत्ता लागू द्यायचा नव्हता.

तेवढ्यात सोसायटीनं कार्डं काढली. गळ्यात घालायची, आत चिप. फाटकातून नुसतं गेलं तरी रेडिओ लहरींवर यंत्राला कळणार कोण आलं, कोण गेलं, आणि घरच्या फोनवर लगेच मेसेज. माझ्या घरचा फोन म्हणजे नवऱ्याचा. रोज एक वाजता त्याला कळणार, बायको बाहेर पडली!

कामाला माणसं गावातली, म्हणून सभा देवळात ठेवली. सगळा गाव लोटला. नवराही आला आणि पुढेच बसला. पहिली उठली माझी मैत्रीण, आणि चक्क कार्डाच्या बाजूनं! "बंगल्यातल्या बाईंची अंगठी हरवली तवा माझी पिशवी उलटी केली. अंगठी घावली त्यांच्याच न्हाणीत. कार्ड असतं, तर त्या टायमाला मी तिथं नव्हतेच, हे दिसलं असतं." मला तिचा रागही आला आणि तिचं पटलंही.

मग मी उठले. "कामाच्या येळंचं काय ते बघा. पर सुट्टी माझी हाय. तवा मी कुटं जाते, ते घरी कशापायी कळवायचं?"

सोसायटीचे अध्यक्ष गोड हसून म्हणाले, "अहो ताई, लपवण्यासारखं काही नसेल, तर घाबरायचं कशाला?"

झालं. माझं डोकंच फिरलं. "लपवायचं काय हाय त्यात? स्कूटी शिकतीया मी!"

सगळं देऊळ हसायला लागलं. मैत्रिणीनं टाळ्या वाजवल्या. तोंडाला पदर लावूनही मला हसू आवरेना. जे झाकून ठेवायचा हक्क मागायला उभी राहिले, तेच मी भर सभेत ओरडून मोकळी झाले होते! ठरलं ते मात्र चांगलं ठरलं. कार्ड राहील, नोंद आम्हालाही बघायला मिळेल, महिन्यानं ती पुसायची आणि घरी मेसेज जाणार नाही. मला मात्र त्याचा आता काडीचा उपयोग नव्हता.

घरी जाताना ओढ्यापाशी नवऱ्यानं विचारलं,

"खरंच येती का गाडी?"

"येती."

"डबलशीट?"

"मैत्रिणीला मागं बसवून आणलंय की."

मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "उद्या जीप गॅरेजला टाकायचीय. मला आणाया ये. पर मागल्या रस्त्यानं जाऊ. जीपवाला बायकोच्या मागं बसलाय, हे कुणाला कळाया नको."