पट्टे कुठून सुरू होतात

सापांच्या बाबतीत डहाणूतल्या आमच्या आळीत माझा शब्द शेवटचा होता. आजूबाजूच्या वाड्यांतून फोन आला की मी चहा अर्धा टाकून निघायचो, तिथे पोचून चेहरा गंभीर करायचो आणि बराच वेळ काही बोलायचोच नाही. मग सावकाश, "धामण. बिनविषारी." लोक असे बघायचे की जणू ती धामण मीच बिनविषारी केली. आमच्या चिकूच्या शेडमध्ये सापांचा रंगीत तक्ताही मी लावला होता, लॅमिनेट करून.

मग तलासरीकडच्या एका पाड्यावरून चिकू तोडायला एक काकी येऊ लागल्या. दोन महिन्यांत लोक मला ओलांडून थेट त्यांच्याकडे. "काकी, पिवळट होता, लांब, सरसर गेला." काकी चिकू निवडता निवडता, मानही वर न करता, "धामण. उंदरामागं आली असंल." तीच धामण! पण मी सांगितली की चहा मिळायचा, त्यांनी सांगितली की लोक हात जोडायचे. मी जळून खाक. बायकोच्या ते लक्षात आलं.

"तक्ता पुसून ठेवू का," ती म्हणाली, "काकींना लागला तर?"

म्हणून एका सकाळी शेडमध्ये गोणपाटाखाली साप निघाला, तेव्हा मला मनातून आनंदच झाला. प्रेक्षकही भरपूर: बायको, मजूर, टेम्पोवाला आणि काकी. काळपट अंग, पांढरे पट्टे, डोकं वेटोळ्यात दडवलेलं.

"कवड्या," मी जाहीर केलं. "मण्यारीसारखा दिसतो एवढंच, विष नाही. थांबा, हातात घेऊन दाखवतो." बाही वर सारून मी वाकलो.

"शेठ," काकी म्हणाल्या, "मान बघितली का?"

"पट्टे बघितले ना."

"पट्टे दोघांनाबी असतात. कवड्याचे मानेपासनं, शेपटीकडं पुसट. मण्यारीची मान कोरी. मागं या जरा."

चिकू उतरवायच्या लांब काठीने त्यांनी दुरूनच गोणपाट ओढलं. साप आळसावून उलगडला. निळसर काळा, चकचकीत. मान कोरी.

माझा हात अजून पुढेच होता. तो परत आणायला काहीतरी निमित्त हवं म्हणून मी केसांवरून फिरवला. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. सर्पमित्र येईपर्यंत काकींनी लांबून सापावर नजर ठेवली, आणि बाकीच्यांनी काकींवर.

काकी फोन बाळगत नाहीत, त्यामुळे लोक माझ्याच नंबरवर फोन करतात. मी आधी लांब उभं राहायला सांगतो, मग पट्टे कुठून सुरू होतात ते विचारतो आणि निकाल देतो. हल्ली तो बरोबरच असतो. समोरचा शांतपणे ऐकून घेतो.

"बरं," तो म्हणतो, "आता काकींना द्या."