वाटेत व्याह्याचं घर

नत्थुजी मॅरेथॉन पळायला निघाले तेव्हा त्यांच्या अंगावर पायजमा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्या शर्टावर आयोजकांनी दिलेला पोपटी टी-शर्ट, डोक्याला पांढरा दुपट्टा आणि खिशात एक कांदा होता. कांदा ऊन लागू नये म्हणून. हाफपँटचा विषय त्यांच्या मुलानं, नितेशनं, एकदा काढून पाहिला होता. "लेकीच्या सासरच्या गावातून उघड्या पोटऱ्या घेऊन जाऊ काय?" असं विचारून नत्थुजींनी तो तिथल्या तिथे मिटवला.

नत्थुजी आमचे शेजारी. वय साठीच्या अलीकडे, पण किती अलीकडे ते विचारणाऱ्यावर अवलंबून. परतवाड्याला लागून त्यांचा मळा आहे. त्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि बांधावर झेंडू. मळा हे मात्र निमित्त. त्यांचं खरं आयुष्य पहाटेच्या भाजीबाजारात, हर्राशीत. आपल्या दोन टोपल्यांवर बोली लागून त्या विकल्या जायला कितीसा वेळ लागतो? पण त्यानंतर नत्थुजी तिथंच उभे राहून दुसऱ्यांच्या मालावर फुकट शेरे मारत. "हे वांगं हाय का दुधीभोपया?" "पालक आनला का चारा आनला, बाप्पा?" लोक चिडत, पण एखाद्या दिवशी ते दिसले नाहीत तर तेच लोक चौकशीला घरी येत.

या मार्चमध्ये ते बाजारात चक्कर येऊन कांद्याच्या पोत्यावर बसले. बस, एवढंच. पण ही बातमी आमच्या गल्लीत येईपर्यंत त्यांना झटका आला होता, बसस्टँडवर पोचेपर्यंत त्यांना अमरावतीला हलवलं होतं, आणि अकोल्याच्या जुन्या शहरातली त्यांची मावसबहीण रडत रडत दारात उतरली तेव्हा दार नत्थुजींनीच उघडलं आणि विचारलं, "चहा घेशीन ना, बाई?"

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. हा माणूस पहाटे नुसत्या चहावर निघतो, साखर उतरते, खाऊन निघत जा. नत्थुजींचं म्हणणं त्याहून साधं होतं: "पोटात पोयी गेली का पाय जड होते." आणि नितेशचं म्हणणं असं, की आता बाजारच बंद. नितेश काळजी करणारा माणूस आहे. मोटारसायकलला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहतो. त्यानं माल टेम्पोनं पाठवायची सोय केली आणि वडलांना खाटेवर बसवलं.

मग घरालाच बाजार लागला. लीलाबाई मेथी निवडायला बसल्या की नत्थुजी समोर. "एवढे देठं फेकून देतं काय?" दारावर भाजीवाली आली की तिच्या टोपलीवर शेरे. ती गल्ली बदलून जायला लागली. शेवटी लीलाबाईंनी मुलाला सांगितलं, "याहिले बाजारात सोड, नाही तं मले माहेरी सोड."

त्यातच मॅरेथॉनची जाहिरात झाली. मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची असते, हे आमच्याकडे कोणी फारसं मनावर घेतलेलं नाही. ही दहाची होती. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या मैदानातून पाच वर आणि पाच खाली, तीही मे महिन्यात. उन्हाळ्यातच का, असं एकानं बैठकीत विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, "हिवायात तं कोनीबी पयते."

एका संध्याकाळी बापलेकांत पुन्हा बाजारावरून जुंपली आणि नितेशच्या तोंडून निघून गेलं, "बाजार पाहिजे? मंग घाट चढून दाखवा पहिले!"

"दाखवतो," नत्थुजी म्हणाले. "दोन तासांत जो येते त्याले पदक आहे म्हंतात. दोन तासांत आलो तं बाजार माया. नाही आलो तं खाटेवर बसतो अन् एक अक्षर बोलत नाही."

शेवटच्या वाक्यावर लीलाबाईंचा विश्वास बसला नाही, पण आशा वाटली. नितेशला शब्द मागे घेता येईना. त्यानं माझी नेमणूक केली. "श्याम, तूही पळ त्याहिच्या संग. चक्कर आली तं थांबव." मी होकार दिला. अठ्ठाविसाव्या वर्षी साठीच्या माणसासोबत पळणं म्हणजे काय, अशा भ्रमात मी होतो.

नत्थुजींनी बांधावर सराव केला. सगळं ठीक चाललं होतं. मग मार्गाचा नकाशा आला आणि नत्थुजींचं बोट एका गावावर अडलं. रस्ता मोहखेडीतून जात होता.

मोहखेडी हे घाटातलं लहानसं गाव. त्यांची लेक प्रतीक्षा तिथं दिली आहे. घर अगदी रस्त्यावर. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात, आणि इवाई उत्तमराव हे मानपानाच्या बाबतीत फार हळवे. मागच्या वर्षी नत्थुजी एसटीनं वर चालले होते. बस मोहखेडीत थांबली, त्यांनी खिडकीतून हात केला आणि बस निघाली. त्या हाताची किंमत प्रतीक्षानं दिवाळीपर्यंत मोजली. "तुया बाबाले आमचं घर काचेतूनच दिसते वाट्टे," असं सासरे उठता-बसता म्हणायचे.

तेव्हा या खेपेला आधीच सांगून ठेवावं, असं नत्थुजींनी ठरवलं. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला.

"इवाईबुवा, रविवारी सकाळी तुमच्या दारावरून जाऊन राहिलो."

"या ना, या!"

"येत नाही. नुसता जाऊन राहिलो. पयत. थांबत नाही, काही करू नका."

"बरं बरं. काही करत नाही."

फोन ठेवून नत्थुजी निश्चिंत झाले. हीच त्यांची चूक. वऱ्हाडात 'काही करू नका' याखेरीज दुसरं काही बोललेला पाहुणा आजवर झाला नाही, आणि 'काही करत नाही' याचा अर्थ आंबे पिकत घातले असा होतो. हे दोन्ही संवाद नत्थुजी जन्मभर दोन्ही बाजूंनी बोलत आले होते. तरी त्या दिवशी त्यांनी ते खरे धरले.

रविवारी शर्यत सहाला सुटणार होती. प्रमुख पाहुणे आले नव्हते. ते आले, हार झाले, त्यांनी धावण्याचे फायदे सांगितले, तोवर ऊन चांगलं वर आलं. झेंडी पडली तेव्हा सव्वासात वाजून गेले होते.

पहिला चढ नत्थुजींनी अशा चालीनं घेतला की जणू वर कुठे बोली लागायची आहे. ना धड पळणं, ना धड चालणं. पण माणूस थांबत नव्हता. अमरावतीहून आलेली, मनगटावर घड्याळं बांधलेली पोरं सुसाट पुढे गेली आणि दुसऱ्या वळणावर गुडघ्यांवर हात ठेवून उभी दिसली. त्यांच्याजवळून जाताना नत्थुजींना राहवलं नाही. "माल चांगला आहे, पन टिकाऊ नाही."

सागाची पानं केव्हाच झडून गेली होती, त्यामुळे सावली नावाचा प्रकार नव्हता. मोहखेडी आलं तेव्हा मला बोलता येत नव्हतं. फाटकात उत्तमराव उभे होते. कोरं धोतर, मागे सतरंजी, दारात रांगोळी.

"या इवाईबुवा, या!"

नत्थुजींनी न थांबता हात जोडले. "वापस येतानी! वापस येतानी!"

गाव मागे पडल्यावर मी कसंबसं म्हटलं, "काका, शब्द दिला तुम्ही."

"तो शब्द नाही बे. तसं म्हनाच लागते."

"आणि त्यांनी तो शब्दच धरला तर?"

यावर त्यांनी चाल वाढवली. वळणाच्या खांबाला हात लावून आम्ही उलटे फिरलो. मी घड्याळ पाहिलं. आता उतार होता. कुठे थांबलो नाही तर आरामात पोचत होतो.

परत येताना फाटकात प्रतीक्षा उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. पैजेचं तिला ठाऊक होतं. ती डोळ्यांनीच सांगत होती, जा बाबा, थांबू नका. तिच्या मागे उत्तमराव, त्यांच्या मागे विहीणबाई जयवंताबाई, आणि त्यांच्या मागे तळणाचा वास.

नत्थुजींची चाल मंदावली. ते लेकीकडे पाहत होते. पुढच्या दिवाळीपर्यंत ही काय काय ऐकेल, हे बहुधा त्यांना तिथंच ऐकू आलं असावं. बाजार त्यांचा होता. पण या घरात राहायचं होतं तिला.

"दोन मिनिटं," ते मला म्हणाले आणि आत वळले.

"दोन मिनिटात तं पायबी धुऊन होत नाही," उत्तमराव खूष होऊन म्हणाले.

पाय धुऊन झाले. आमरस आला, पोळ्या आल्या, कुरड्या आल्या, भजी आली. नत्थुजींनी वाटी उभ्यानंच तोंडाला लावायचा प्रयत्न केला.

"उभ्यानं?" जयवंताबाई म्हणाल्या. "उभ्यानं आमच्या घरी जनावरं खातात, भाऊ."

भाऊ बसले. मीही बसलो. खरं सांगायचं तर मला कोणी आग्रह करायची गरज पडली नाही. मागून येणारा अमरावतीचा एक मुलगा पाणी मागायला म्हणून वळला, तर त्यालाही पाट मिळाला. तो "माझी शर्यत आहे" म्हणत होता, पण त्याचं ताट वाढून झालं होतं.

जेवणानंतर कपाळाला कुंकू, डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा आणि हातात नारळ. नत्थुजी निघाले तर उत्तमरावांनी पुतण्याला हाक मारली. "गाडी काढ रे. पाहुन्याले पायी पाठोतं काय?"

"गाडीवर गेलो तं ते शर्यत नाही होत, इवाईबुवा."

"मंग म्या पोचवून देतो. शिवेपर्यंत."

पोचवायला निघालेल्या यजमानाला मागे टाकून पाहुण्यानं पळत सुटणं, हे कोणत्या तोंडानं करायचं? नत्थुजी चालू लागले. उत्तमराव सावकाश, या वर्षीचा बहर, पुतण्याचं लग्न, गुडघे, असं बोलत चालू लागले. मी घड्याळ पाहणं सोडून दिलं. शीव आली.

"आता फिरा वापस."

"थोडं पुढं येतो."

"फिरा ना आता."

"एवढी काय घाई हो? घरी काय हर्रास सुरू आहे?"

नत्थुजी मान खाली घालून चालत राहिले. मग मीच सांगून टाकलं. पैज, दोन तास, बाजार, खाट, सगळं.

उत्तमराव भर रस्त्यात थांबले. "मंग फोनवर कावून नाही सांगतलं?"

"सांगतलं ना! काही करू नका म्हनलं."

"ते तं सारेच म्हंतात!"

मग उत्तमरावांनी धोतराचा काष्टा वर खोचला. "चाला. पया आता!"

आणि दोघंही उतारावर सुटले. एकाच्या हातात नारळ, दुसऱ्याच्या छातीवर नंबर नाही. मी त्यांच्या मागे, पोटात रस घेऊन, देवाचं नाव घेत.

मैदानात पोचलो तेव्हा घड्याळ झाकून ठेवलं होतं आणि पदकांची पेटी बंद होत होती. फार नाही, एक भाषण होईल इतका उशीर झाला होता. नितेश काळजीनं पांढरा पडून उभा होता. वडलांच्या कपाळावरचं कुंकू त्यानं पाहिलं, टोपी पाहिली, नारळ पाहिला, आणि मागून धापा टाकत येणारे बहिणीचे सासरे पाहून तो सवयीनं पायांना वाकला.

"हारलो," नत्थुजी म्हणाले. ते कडुलिंबाखाली बसले, बूट काढले आणि खरोखरच एक अक्षर बोलले नाहीत. शेजारी एक बाई टरबुजं विकत होती. दोन तर उघड उघड कच्ची होती. तरी नाही बोलले. ते पाहून नितेशचाच चेहरा उतरला.

"हे पाहा," उत्तमराव श्वास सावरत म्हणाले, "येळ आमच्या घरी गेला. तेवढा वजा करा."

"मामाजी, पदक आयोजकाच्या हातात आहे."

"पदक कोन मांगून राहिलं? बाजाराचं बोला."

नितेशनं माझ्याकडे पाहिलं. "चक्कर आली होती?"

"आली होती. मला."

"अन् जेवले किती?"

"मोजलं नाही. जयवंताबाई वाढत होत्या."

नितेश लिंबाकडे वळला. "म्हणजे पोट भरून घाट उतरता येते. अन् बाजारात जायले पाय जड होते."

"उतार होता," लिंबाखालून आवाज आला.

"पहाटे बसून खाऊन निघसान? तं जा बाजारात. दोन पोया."

नत्थुजींनी मान वर केली. चेहऱ्यावर हर्राशीतली कळा आली. "एक."

"दोन."

"एक अन् चहा."

"चहा मोजत नाही मी."

"दीड," नत्थुजी म्हणाले.

उत्तमरावांनी नारळ उचलून अडत्यासारखा हात वर केला. "दीड पोयी एक वार... दीड पोयी दोन वार..." नितेशला हसू आवरेना, आणि सौदा पक्का झाला.

नत्थुजी उठले, बूट हातात घेतले आणि टरबूजवालीकडे वळून म्हणाले, "बाई, हे दोन टरबुजं अजून पंधरा दिवस वेलावर ठेवले असते तं काय बिघडलं असतं?"

तेव्हापासून ते बाजारात जातात. आमच्या गल्लीत अजून अंधार असतो, कुत्रीसुद्धा उठलेली नसतात, आणि नत्थुजींच्या स्वयंपाकघरात पोळपाट वाजू लागतो. परवा मी दूध आणायला निघालो तर लीलाबाई पीठ भरल्या हातानं दारात उभ्या होत्या.

"पैज याहिची, बाजार याहिचा, अन् उठाचं मले," त्या म्हणाल्या. "सौदा केला तवा मले विचारलं काय कोनी? अन् दीड पोयी खाऊन उरलेली अर्धी रोज कोनं खायाची, श्याम?"