बसणाऱ्याच्या डोळ्यातली नदी

शैला गेल्याचं तिच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी गच्चीवर साडी वाळत घालत होते. एक टोक दोरीवर, दुसरं हातात... तशीच उभी राहिले. दोन महिने होत आले, पण अजूनही साडी दोरीवर टाकताना हात थबकतो. ज्या बाईनं साड्या बांधून गावाला नदी दाखवली, तिच्या मरणाची बातमी मला दुसरं काही करताना कशी कळणार होती!

आम्ही दोघी शाळेपासूनच्या. मी इथंच मास्तरीण झाले. ती नगररचना शिकून नागपूरला नोकरीला लागली आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा आमच्या गल्लीत राहायला आली. आरामाला आली असेल, असं आपलं मला वाटलं. तेवढ्यात नदीकाठच्या जुन्या घाटाचा विषय निघाला. आमचं गाव चढावर. वर बाजारचौक, खाली दगडी घाट आणि मधे रुईची पडीक गोदामं. ती पाडून तिथं दुकानांची इमारत करायचं ठरलं होतं. किती उंच बांधायचं, मोकळं किती सोडायचं, याचे नियम लिहून द्यायचं काम शैलाकडं आलं. गावात सल्ले पायलीचे पन्नास. कोणी म्हणे तीन मजले, कोणी म्हणे चार. मग चौकातून नदी दिसणार नाही, असं ती परोपरीनं सांगायची. पण नकाशात नदी म्हणजे नुसती निळी रेघ. ती झाकली काय नि उघडी राहिली काय, कोणाला फरक पडत होता?

एका सकाळी ती माझ्या दारात उभी. "कुसुम, तुह्या जुन्या साड्या काढ. फाटक्याही चालतीन."

"काहून? गोधडी शिवून राह्यली का?"

"नाही वं. तीन माळ्याची बिल्डिंग बांधून राह्यली."

आणि खरंच बांधली! घरोघरच्या साड्या गोळा करून, गोदामांच्या जागेवर उंच बांबू रोवून, आडव्या ओळींनी थेट तीन मजल्यांपर्यंत ताणल्या. दिवस मुद्दाम बाजाराचा निवडला. फुलसावंगीकडून आलेली माणसं चौकात येऊन थबकली. नदी नव्हती. जन्मभर जिच्याकडं कोणी मान वळवून पाहिलं नव्हतं, ती एकाएकी सगळ्यांना हवीशी झाली. एवढा मोठा बाजार गप्प झालेला मी त्या दिवशीच पाहिला.

मग तिनं हात केला आणि माणसं वरून एकेक ओळ सोडू लागली. बरंच उतरल्यावर कोणीतरी ओरडलं, "दिसली!" टाळ्या पडल्या. दोन मजले तरी बसतात म्हणून एका नगरसेवकाच्या जिवात जीव आला. शैला मात्र गर्दीतून वाट काढत, पोत्यावर भाजी मांडून बसलेल्या यमुनाबाईकडं गेली आणि तिच्या शेजारी सरळ धुळीत बसली. तिचे गुडघे किती दुखत, हे मला ठाऊक. मी धावले.

"शैले, काहून बसली तिथं? उठता येईन का तुले?"

"इथून नाही दिसत, कुसुम. उभं राहणारा घडीभरात चालला जाते. हे दिवसभर इथंच बसते. तिले नको का नदी?"

यमुनाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. नगरसेवक कळवळून म्हणाले, "ताई, अशानं दुकानं किती निघतीन?"

"कमी निघतीन," ती म्हणाली, आणि अजून ओळी सोडायला सांगितल्या. एकच मजला उरला तेव्हा बसल्या जागेवरून नदीकडं बोट दाखवून लहान पोरीसारखी हसली. मी आयुष्यभर मुलांना नकाशे शिकवले, पण नकाशा कोणाच्या डोळ्यांनी पाहायचा, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. अशी माणसं आपल्या शेजारी बसून शाळेत डबा खातात आणि आपल्याला पत्ता नसतो!

चौकात जमिनीवर बसलेल्या माणसाला नदी दिसलीच पाहिजे, हा तिचा पहिला नियम. बरीच खळखळ होऊन तो मंजूर झाला. काम सुरू झालं आणि ती आजारी पडली. शेवटच्या भेटीत दवाखान्यात तिनं एवढंच विचारलं, "स्लॅब टाकला का?"

"नाही अजून."

"टाकला की पाहजो. पण बसून. उभ्यानं नको..."

गेल्या बाजाराला स्लॅबखालच्या फळ्या निघाल्याचं कळलं. मी चौकाकडं निघाले. नियम कागदावर राहिला असला आणि भिंत वर गेली असली तर? चौकात यमुनाबाईनं मला पाहिलं. तिच्या शेजारी एक रिकामं पोतं अंथरलेलं होतं. तिथं ती टोपलीसुद्धा ठेवत नाही.

"बसा, मॅडम. बाईची जागा हाय ते."

मी टेकले. छताच्या वर पाण्याची पट्टी उन्हात चमकत होती.

"दिसली का?" यमुनाबाईनं विचारलं.

"दिसली," मी म्हटलं. मग मात्र डोळे भरून आले आणि काहीच दिसेना.