सगुणाबाईच्या माळ्यावरच्या मुली

जुन्या पनवेलच्या बाजारातून तळ्याकडे उतरणाऱ्या गल्लीत सगुणा घरतची खानावळ होती. दुपारी बाराच्या सुमाराला बोंबलाच्या कालवणाचा वास सुटला, की कचेरीत तारखेला आलेली माणसं वकिलाचं बोलणं अर्ध्यावर टाकून इकडे वळायची. तांदळाची भाकरी, कालवण, वर वाफाळता भात. नवरा गेला तेव्हा सगुणा अठ्ठावीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. दिराच्या दारात तुकड्याची वाट बघण्यापेक्षा आपणच चार जणांना वाढावं, असा विचार करून तिनं चूल मांडली होती. घर भाड्याचं. खाली खानावळ, वर लाकडी माळा. माळ्यावर उरणचे कांदे आणि सुक्या मासळीच्या टोपल्या.

चौऱ्याहत्तर साली, थंडी नुकतीच पडू लागली होती तेव्हाची गोष्ट. दिवेलागणीला एक मुलगी दारात आली. हातात पत्र्याची ट्रंक, पातळावर प्रवासाची धूळ.

"जेवायला मिळेल का, मावशी?"

सगुणानं ताट वाढलं. मुलगी मान वर न करता जेवली. दुसऱ्यांदा भात घेताना तिचे डोळे भरून आले.

"काय झाला गो? तिखट लागला?"

"नाही. जेवण छान आहे." मग तिनं सगळं सांगितलं. नाव जयमाला, राहणार परभणीकडची. नवं शहर वसवायचं काम निघालं होतं, तिथे नकाशे काढायची नोकरी लागली होती. उद्या दहाला हजर व्हायचं होतं. बरोबर यायचे ते वडील तापानं पडले, म्हणून एकटीच निघाली. "तीन लॉज फिरले. सगळीकडे एकच विचारतात, बरोबर पुरुष कोण? नाही म्हटलं की वही मिटतात. आता एसटी स्टँडवरच बसते सकाळपर्यंत."

"स्टँडवर बसतेस?" सगुणानं पळी खाली ठेवली. "वर माळा हाय माझा. कांदे हायेत थोडे. पन कांदे कोनाला इचारत नाय, तुझा पुरुष कुठं म्हनून."

जयमालाला हसू आलं, पण ती उठली नाही. "मावशी, आधीच सांगते. आम्ही बौद्ध आहोत. मागाहून कळून तुम्हाला वाईट वाटायला नको."

सगुणा थांबली. खोटं कशाला बोला, थांबलीच. तिच्या माहेरी पाण्याला वेगळी रांग असायची, ती तिनं लहानपणी डोळ्यांनी बघितली होती. समोर रिकामं ताट होतं, भाताचं एक शीतही उरलेलं नव्हतं.

"माझ्या हातचा जेवलीस ना? मग आता काय राहिला?" असं म्हणून तिनं ट्रंक स्वतः उचलली आणि शिडी चढायला लागली.

दोन दिवसांची सोय म्हणून आलेली जयमाला राहिलीच. ऑफिसातल्या आणखी एकीला जागा हवी होती, ती वैजयंती आली. मग टेलिफोन ऑपरेटर मीना, मग शाळेतली एक बाई. होळीपर्यंत कांदे खाली आले आणि माळ्यावर चार गाद्या पडल्या.

गल्लीला विषय मिळाला. "एकट्या पोरी, ना बाप ना भाऊ. खानावळीच्या नावाखाली काय चाललंय कोण जाणे!" ही कुजबूज घरमालक गंगारामशेठच्या कानावर गेली. शेठ मुलखाचा भिडस्त. मुलींच्या माळ्यावर आपण कसं जायचं, म्हणून त्यानं आपल्या आईला पाठवलं. चांगुणाबाई सत्तरीच्या, आवाज खणखणीत.

"चार दिवस राहून बघणार आहे मी," त्यांनी दारातच बजावलं. "वावगं दिसलं, तर बिऱ्हाड रस्त्यावर."

सगुणानं त्यांची वळकटी वर नेऊन ठेवली. लपवायचं काय होतं? चांगुणाबाईंनी बघितलं ते असं : सकाळी एका आरशासाठी चौघींची भांडणं. संध्याकाळी पाय दुखले म्हणून कुरकुर. जयमाला पेपर मोठ्यानं वाचायची आणि मीना दिवसभरात ऐकलेल्या लोकांच्या नकला करायची. तिसऱ्या दिवशी चांगुणाबाई मेंढीकोट शिकल्या. चौथ्या दिवशी त्यांनी भिडू बदलून मागितला, कारण वैजयंतीला हुकूम कधी काढावा ते कळत नव्हतं.

आठवा दिवस उजाडला तरी आई येईना, तेव्हा गंगारामशेठ घाबरून शिडीखाली येऊन उभा राहिला.

"आई, काय बघितलंस? काही वावगं?"

"आहे तर!" वरून आवाज आला. "ही शिडी. एखादी पोर पडली म्हणजे? कठडा लावून दे."

"देतो. पण घरी कधी येतेस?"

"घरी कोण बोलतं रे माझ्याशी? तू दुकानात, सूनबाई तिच्या पूजेत. डाव संपू दे, मग बघू."

तो डाव गुढीपाडव्यापर्यंत चालला. कठडा आठवड्यात लागला. पुढे नळावर कुणी माळ्याविषयी तिरकं बोललं, की चांगुणाबाई घागर खाली ठेवून विचारायच्या, "माझ्या पोरींबद्दल काही म्हणालीस का गं?" गल्लीची वाचा बसली. दोन नेहमीची गिऱ्हाइकं मात्र जयमाला बौद्ध असल्याचं कळल्यापासून यायची बंद झाली होती, ती परत आलीच नाहीत. सगुणानं त्यांचं नाव पुन्हा काढलं नाही.

जयमालानं पुढे स्वतः पाटी रंगवली, अक्षरं नकाशावरच्यासारखी रेखीव : 'सगुणाबाईंची खानावळ. वर स्त्रियांच्या राहण्याची सोय.' सगुणाला वाचता येत नव्हतं. "यातला माझा शब्द कंचा?" तिनं विचारलं आणि जयमालानं दाखवला त्या शब्दावरून ओल्या रंगाची पर्वा न करता बोट फिरवलं. 'णा'चा काना थोडा पसरला तो तसाच राहिला.

नवं शहर उभं राहिलं तशा मुली पांगल्या. कुणाचं लग्न झालं, कुणाची बदली. जयमालाला वाशीला स्वतःच्या नावावर फ्लॅट मिळाला. आईवडिलांना तिनं तिथे आणलं. माळा मात्र कधी ओस पडला नाही. पंच्याऐंशी साली न्हावा शेवाच्या बंदराचं काम जोरात असताना केरळची एक नर्स आली, ओमना. तिला मराठी येईना, सगुणाला तिची भाषा कळेना. पहिल्याच रविवारी दोघी चुलीपुढे भांडत होत्या. ओमना कालवणात नारळाचं दूध ओतू बघत होती, सगुणा पळी आडवी धरून म्हणत होती, "नको गो, इचका करशील!" शेवटी दोन पातेली चढली. दोघींनी एकमेकींचं चाखलं, दोघींनीही तोंड वाकडं केलं, आणि तरी अजून थोडं, अजून थोडं चाखत एकमेकींची पातेली अशी रिकामी केली, की दुपारी पंगतीला काहीच उरलं नाही.