कोलाच्या चार बाटल्या
इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करतो. रसात साखर किती, हे दिवसातून दहादा काढायचं, एवढंच माझं काम. म्हणून नऊ वर्षांच्या माझ्या मुलीला मधुमेह निघाला तेव्हा मला वाटलं, साखरेतलं मला कोण काय शिकवणार? सांगलीच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत इन्सुलिन टोचायला शिकवलं, तेवढं ऐकलं. दुसऱ्या भेटीला बायकोला एकटीलाच मुलीबरोबर धाडलं. हंगाम जोरात आहे, असं सांगितलं. खरं तर मला त्या दवाखान्याची भीती बसली होती.

घरात साखरबंदी केली. कारखान्याची सवलतीची साखर भावाच्या दारात टाकून आलो. मी मुळातच तापट माणूस, त्यात आता रागवायला चांगलं कारण मिळालं.

एका संध्याकाळी मुलीच्या दप्तरात एक पाकीट सापडलं. त्यात कोलाच्या स्वादाच्या चार मऊ गोळ्या होत्या, छोट्या बाटलीच्या आकाराच्या, दाबल्या की रबरासारख्या दबणाऱ्या. मी चष्मा चढवून पाकीट वाचलं. ग्लुकोज सिरप, साखर, जिलेटिन, सायट्रिक आम्ल, कॅरमेलचा रंग, कृत्रिम स्वाद. प्रथिनं नावाला, जीवनसत्त्वांचा पत्ता नाही, निम्मं वजन साखरेचंच. मी तिच्या कानाखाली अशी वाजवली की ती दारावर आपटली आणि तिचा ओठ फुटला.

बायको धावत आली. "आवं, डॉक्टरांनीच सांगितलंय! साखर एकदम उतरली तर लगेच गोड द्यायचं. नुसती साखर पोरगी ओकती, म्हणून ह्या ठेवल्यात."

"साखरेचं मला शिकवू नगंस," मी ओरडलो आणि तिलाही ढकललं. ती ओट्यावर आदळली. गोळ्या मी चपलेखाली रगडल्या, पण चिरडता चिरडेनात, त्यानं डोकं आणखीच फिरलं. शेवटी गटारात फेकल्या. मग मुलीला ओढून तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "घे शपथ. गोड खाल्लंस तर तुझा बाप मरंल." ओठातलं रक्त गिळत तिनं शपथ घेतली. तेव्हा मला समाधान वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते.

पुढच्या तपासणीला बायको म्हणाली, "या खेपेला तुमीच जावा आन् डॉक्टरांच्या तोंडून ऐका." सकाळी इन्सुलिन टोचलं, पोहे खाऊ घातले आणि एसटीत बसलो. वाटेत मुलीला गाडी लागली, पोहे सगळे बाहेर आले. सांगलीच्या स्टँडवर उतरेपर्यंत तिला दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते, बोलणं जड झालं होतं. मला वाटलं, साखर चढली. मी इन्सुलिनची पेटी उघडली आणि टोचायच्या आधी बायकोला फोन लावून सगळं सांगितलं.

"टोचू नगा!" ती किंचाळली. "साखर उतरलीया तिची, मरंल ती! गोड द्या आदी, गोड!"

शेजारच्या टपरीवर त्याच बाटल्यांची पाकिटं लटकत होती. मी पाकीट दातांनी फाडलं आणि एक गोळी मुलीच्या ओठांशी नेली. तिनं दात घट्ट मिटले. "न्हाई... पप्पा मरतील," एवढंच दातांतून आलं. मी समजावलं, विनवलं, मग घाबरून तिचा जबडा दाबला. तिनं बोटाला कडकडून चावा घेतला, पोटात लाथा घातल्या. मी तिला बाकावर दाबून धरलं.

"पोरीला मारतोय रं!" कुणीतरी ओरडलं. मागून कॉलर धरली गेली, तोंडावर ठोसा बसला. एका बाईनं चप्पल काढून माझ्या टाळक्यात घातली. "कुणाची पोरगी हाय ही? बोल!" मला बोलायला सवड नव्हती. पाठीत बुक्क्या बसत होत्या आणि मी मुलीला सोडत नव्हतो. ते जिलेटिन काही लवकर विरघळेना, म्हणून गोळी मीच चावून लगदा केला आणि बोटानं तिच्या गालात सारला. तिनं गिळलं. दुसरी सारली, तिसरी सारली. तेवढ्यात टपरीवाल्याला इन्सुलिनची पेटी दिसली. "आरं थांबा, आजारी हाय पोरगी!" म्हणत तो साखरेचं पाणी घेऊन आला. मारणारे हात तिथंच थांबले. चप्पलवाली बाई मुलीला वारा घालू लागली.

दहा-पंधरा मिनिटांनी मुलीची नजर ठिकाणावर आली. तिला माझं सुजलेलं तोंड दिसलं, नाकातून शर्टावर गळणारं रक्त दिसलं आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

"पप्पा, मी गोड खाल्लं म्हणून झालं का हे? तुमी आता मरणार?"

"शपथ सुटली," मी म्हणालो. "मीच खोटी घातली हुती. सुटली, सुटली." किती वेळा म्हणालो कुणास ठाऊक. मग तिचे डोळे पुसायला मी हात वर केला, तर तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.