अंगावरून उतरवलेली शाल

सत्काराची शाल अजून माझ्या अंगावर होती, तेव्हाच ऑफिसातला बाबू स्वयंपाकघरात आला.

"मावशी, शाल द्या इकडे."

मला वाटलं, फोडणीचा वास लागू नये म्हणून तो ती कुठं तरी नीट ठेवायला मागतोय. खरंच असं वाटलं. मी म्हटलं, "राहू द्या, मीच घडी करून वर ठेवते."

"ठेवाची नाई. स्टेजवर पायजे. ठेकेदार साहेब आयत्या टायमाले आले. शाल कमी पडून राह्यली."

मी हात पुसले. शाल काढली. घडी घातली. घडी घालून दिली, हे मला अजून टोचतं. तो दारापर्यंत गेला आणि मागं वळला.

"अन् सत्कारात भेटला तो नारळ फोडा. शिऱ्यावर किसून टाका. पाहुणे जेवाले बसतीन आता."

मी नारळ फोडला. किसायला बसले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मंडप दिसत होता. माईकवर ठेकेदाराचं नाव घेतलं आणि संस्थेच्या सरांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली. माझीच. तपकिरी, सोनेरी काठाची. मला कणीक मळता मळता स्टेजवर बोलावलं होतं, हात पदराला पुसत गेले होते, म्हणून काठाला बोटांचं पीठ लागलं होतं. ठेकेदारानं ते पाहिलं आणि टिचकीनं झटकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळापूर्वी तशाच टाळ्या माझ्यासाठी वाजल्या होत्या.

मी मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातच, आडबाजूच्या गावात. संस्था खाजगी आहे, पैसा सरकारकडून येतो. सचिवांना सगळे सर म्हणतात. त्यांच्या हाताखाली ऑफिसात एक बाबू. मुलींचे आईबाप ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात, मुली इथं राहतात. दोन वेळचं जेवण आणि सकाळचा नाश्ता माझ्याकडे.

माझं माहेर उंद्रीकडचं. बापाचं माळव्याचं वावर होतं. आईसोबत बाजारात वांगी, मिरच्या घेऊन बसायची. आई म्हणायची, "आवाज दे ना वं." आवाज निघायचा नाही. शेजारची बाई ओरडून ओरडून टोपली रिकामी करायची, मी वांग्यांवर पाणी शिंपडत बसायची. चांगली दिसली की कोणी तरी येईलच, असं मला वाटायचं. नोकरीतही मी तेच केलं. वरण चांगलं झालं, पोळ्या मऊ झाल्या, की कोणाच्या तरी लक्षात येईलच.

पगार अनुदान आलं की होतो. अनुदान कधी येतं ते कोणी सांगत नाही. सुरुवातीला मी ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहायची. बाबूला माहीत असायचं मी कशाला आले. तरी तो फोनवर बोलत राहायचा. बोलणं संपलं की दुसरा फोन लावायचा. मग मान वर करून म्हणायचा, "काय मावशी?" जसं काही मला आत्ताच पाहिलं. मला तो शब्द तोंडातून काढायची लाज वाटायची. माझ्याच पगाराची मला लाज. मी म्हणायची, "काई नाई, सहज." आणि परत यायची.

माझ्यासोबत कमलबाई होती. ती मोठ्या आवाजाची, हसरी. एकदा बाबूच्या तोंडावर म्हणाली, "बाबू, हा पगार येईतोवर माह्ये केस पिकले. मेंदीचा खर्च तरी द्या." बाबूही हसला. पगार काही दिला नाही. एक दिवस तिनं पिशवी भरली, मला म्हणाली, "तू बी चाल." मी म्हटलं, "पोरी उपाशी राह्यतीन." ती माझ्याकडे पाहत राहिली आणि निघून गेली. तेव्हापासून दोघींचं काम मी एकटी करते. बाबू म्हणतो, "दुसरी बाई पाहून राह्यलो."

कमलबाई गेली आणि बोलणं गेलं. स्वयंपाकघराच्या मागं मला एक खोली दिली आहे. मालक वारले, एकच मुलगी, ती जळगाव जामोदकडे सासरी. इथं राहणाऱ्या मास्तरणी भल्या आहेत, पण त्यांचं माझ्याशी बोलणं चहापुरतं. गावातल्या बाया नळावर भेटल्या तर म्हणतात, "तुमचं काय बाई, तुम्ही नोकरीवाल्या." आणि आपसात बोलू लागतात. त्यांना वाटतं मी ऑफिसातली. ऑफिसातल्यांना वाटतं मी गावातली. कधी कधी दिवसभरात माझ्या तोंडून निघालेले शब्द एवढेच असतात: वाढू का, बस का, ताट ठेव.

म्हणून सत्कार आहे म्हटल्यावर मी हरखले. संस्थेचा वर्धापन दिन होता. मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आई, शाल जपून ठेवजो. मी आली का दाखवजो."

शाल गेली त्या दिवसानंतर माझं मन कामावरून उठलं. रडले वगैरे नाही. नुसतं उठलं. खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत आहे, पण सकाळी तेवढं चालणंही जिवावर यायचं. आधी मी लसूण ठेचून तेलात तांबूस होईपर्यंत थांबायची, मग जिरं, मग वरणावर ओतायची. मुली जेवायला येण्याआधी वासानं येऊन डोकावायच्या. आता मी लसूण तसाच टाकू लागले. वरणात पाणी वाढलं. पोळी जाड झाली, कारण जाड लाटली की लवकर उरकतं. मीठ अंदाजानं.

आणि मी वाट पाहत होते. कोणी तरी म्हणेल, मावशी, आज काय झालं? रागावून म्हटलं असतं तरी चाललं असतं.

कोणी काही म्हटलं नाही. मुली जेवल्या, ताटं घासून गेल्या. मास्तरणी जेवल्या. सर एकदा दोन पाहुणे घेऊन आले, ते वरण भुरकले, पाणी प्यायले, हात पुसले, निघून गेले. इतकी वर्षं मी ज्या चवीसाठी जीव लावला, ती गेली आणि कोणाला पत्ता नाही. मग ती होती तेव्हा कोणाला कळत होती? मी एकटीनं पातेल्याजवळ बसून ते वरण खाल्लं. मलाही ते कोणा परक्या बाईनं केल्यासारखं लागलं. त्या बाईचा मला राग आला.

दिवाळीला मुलगी आली. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आई, शाल काढ ना, पाहू दे."

मी सांगून टाकलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होते. वाटलं, ती माझ्या गळ्यात पडेल.

ती म्हणाली, "तू देल्ली काऊन?"

"मागतली म्हणून."

"मागतली म्हणून?" ती हसली. वाईट नाही हसली, पण हसली. मग म्हणाली, "त्याईले तुह्या अंगावरची शाल मागता आली. तुले तुह्या कामाचा पगार मागता येत नाई?"

ती गेली. मला तिचा फार राग आला होता. आपल्या आईचं दुःख सोडून तिलाच बोलते. पण ती गेल्यावर खोलीत दुसरं कोणी नव्हतं आणि तिचा प्रश्न तिथंच राहिला. पोळ्या लाटताना तो प्रश्न. भांडी घासताना तो प्रश्न.

शाल बाबूनं ओढून नेली नव्हती. त्यानं हात पुढं केला, मी काढून दिली. चौथी झाल्यावर बाप म्हणाला, आता पाटी ठेव. मी ठेवली. मालक गेल्यावर दीर म्हणाला, घराची चावी दे, तुला कशाला लागते. मी दिली. कोणी मला मारलं नाही, शिवी दिली नाही. सगळे गोड बोलले. वहिनी, मावशी, बाई. माझ्याजवळचं जे जे गेलं ते मी माझ्या हातानं दिलं, आणि देऊन झाल्यावर मीच खाली पाहिलं.

मार्चात बाबू पुन्हा आला. "मावशी, परवा महिला दिन हाय. बुलढाण्याहून म्याडम येऊन राह्यल्या. चांगलं लुगडं नेसा. तुमचा सत्कार हाय."

मी विचारलं, "शाल कोनती हाय?"

त्याला वाटलं मी गंमत करते. म्हणाला, "तीच असन ना मावशी, ठेकेदार साहेब इथंच ठेवून गेलते. दुसरी कुठून आनता."

कार्यक्रमाला मी गेले. मागं सतरंजीवर मुलींच्यात बसले. माईकवर माझं नाव घेतलं. मी उठले नाही. पुन्हा घेतलं. पुढच्या मुली वळून पाहू लागल्या. शेजारचीनं मला कोपरानं ढोसलं. "मावशी, तुमाले बलावून राह्यले." मी दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले. याला कोणी हिंमत म्हणू नये. माझे पाय लटलट कापत होते, उठायचं म्हटलं असतं तरी उठवलं नसतं. जन्मभर ज्या लाजेनं मला मागं बसवून ठेवलं, ती त्या दिवशी माझ्या कामाला आली.

सर माईकवर म्हणाले, "मावशी स्वयंपाकात असतील. कष्टाळू आहेत." सगळे हसले, टाळ्या वाजवल्या, पुढचं नाव घेतलं. मी तिथंच बसले होते. सर माझ्याकडेच पाहत होते.

पाहुणे गेल्यावर मला ऑफिसात बोलावलं. बाबू कोपऱ्यात उभा.

सर म्हणाले, "पाहुण्यांसमोर संस्थेची मान खाली घातली तुम्ही. आम्ही तुम्हाला मोठं करायला निघालो होतो."

मी म्हटलं, "पगार द्या."

"अनुदान आलेलं नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मंडपाले आलं काय?"

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला माहीत नाही. बाबूनं खाली पाहिलं. सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "बाई, असं करू नका. त्या पोरींच्या तोंडाकडे पाहा. तुमच्याच लेकी आहेत त्या."

हे वाक्य मी दरवेळी ऐकलं होतं. दरवेळी त्यानं माझं तोंड बंद झालं होतं. कमलबाईला मी हेच सांगितलं होतं, माझं म्हणून. ते माझं नव्हतंच. सरांचं वाक्य मी माझ्या तोंडानं बोलत होते. मुलींच्या नावानं धान्य येतं, गॅस येतो, पगार येतो. ते सगळं येतं त्यांच्या संस्थेत. भूक तेवढी माझ्या पदरात टाकलेली.

मी म्हटलं, "पोरी तुमच्या संस्थेच्या हायेत. मी इथं कामाले हाय. एक तारखेपर्यंत मागचा सगळा पगार नाई झाला त मी सैपाकाची भट्टी पेटवनार नाई."

"विचार करून बोला. दुसरी बाई मिळेल आम्हाला."

कमलबाई गेल्यापासून पाहताच आहात, असं माझ्या मनात आलं. तेवढं बोलायला आवाज उरला नव्हता. मी बाहेर आले आणि पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिले. सांगायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबू आला. आज हळू आवाजात.

"मावशी, खरंच बंद करसान काय?"

"हाव."

"अन् पोरी?"

त्याला मी उत्तर दिलं नाही. उत्तर मुलींना द्यायचं होतं. रिकाम्या ताटावरून त्यांना कळू नये. संध्याकाळी मी लसूण ठेचला, फोडणी तांबूस होऊ दिली, पोळ्या पातळ लाटल्या. सगळ्या ओळीनं बसल्या, वाढून झालं, तेव्हा मी मधोमध उभी राहिले. एवढ्या जणींसमोर मी कधी बोलले नव्हते. मी सांगितलं, माझा पगार कधीपासून नाही. सांगितलं, एक तारखेपासून काय होणार. कोणामुळे, तेही सांगितलं.

एकीनं विचारलं, "मंग आमी काय खावं मावशी?"

तिथं मी मोडले असते. खा गं, मी आहे, असं ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"ते सराईले इचारा," मी म्हटलं. "सगळ्या मिळून जा. त्याईचं घर तुमाले माहीत हाय."

काहींनी माझ्याकडे रागानं पाहिलं, एक जण ताटावरून उठून गेली. जाऊ दे. मी त्यांना खोटं सांगितलं नाही.

तेव्हापासून माझ्याशी फारसं कोणी बोलत नाही. मास्तरणी चहा स्वतःच करून घेतात. मुली ताट पुढं करतात, मान वर करत नाहीत. मी रोजचा स्वयंपाक करते, पूर्वीसारखा नीट करते. एक तारखेपर्यंत.

त्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी उठेन. अंघोळ करेन, स्वयंपाकघर झाडेन आणि भट्टीसमोर पाटावर बसेन. पेटवणार नाही. दुसऱ्या कोणाला पेटवू देणार नाही. मला तिथून उठवायचं असेल तर सरांनी पगार घेऊन यावं. नाही तर हाताला धरून ओढावं, सगळ्या मुलींच्या देखत.