टायपिंगबाईंचा खडखडाट

कर्जतच्या तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली सुंदराबाईंचं टेबल आहे. मध्यंतरी ते असून नसल्यासारखं झालं होतं, आणि ही हकिगत त्या मध्यंतरीचीच आहे.

त्यांना सुंदराबाई म्हणणारं माणूस कचेरीच्या आवारात शोधून सापडायचं नाही. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या त्या टायपिंगबाई. लग्नाआधी खोपोलीच्या क्लासला जाऊन त्यांनी मराठी टायपिंगची तीसची आणि चाळीसची, अशा दोन्ही परीक्षा दिल्या. नोकरी मात्र लागली नाही. मग बाईंनी रागारागाने सरकारच्याच दारात टेबल टाकलं. नोकरी देत नाही तर नका देऊ, पण तुमच्याकडे येणारा कागद आधी माझ्या हाताखालून जाईल, असा एकूण आविर्भाव होता. आणि तो त्यांनी खरा करून दाखवला. रेशनकार्डात नाव घाला, नाव काढा, वारस लावा, शेजाऱ्याने वाट अडवली, जावयाने मुलीला माहेरी आणून सोडलं, तालुक्याची असली सगळी गाऱ्हाणी त्यांच्या टायपरायटरमधून गेली.

बाईंचा स्वतःविषयी एक पक्का समज होता. लोक आपल्याकडे येतात ते आपल्या भाषेसाठी. "माझा अर्ज वाचला की साहेबाचा हात आपोआप सहीकडे जातो," असं त्या जेवताना नवऱ्याला ऐकवत. येसाजी भात कालवता कालवता हो म्हणत. त्यांनी आयुष्यात बाईंचा एकही अर्ज वाचलेला नव्हता, पण जेवणाच्या वेळी वाद घालू नये एवढी अक्कल त्यांना संसाराने दिली होती.

मग टायपरायटर थकला. आधी रिबीन मिळेनाशी झाली, मग दुरुस्ती करणारे गृहस्थ वारले, आणि शेवटी एक अक्षर उठायचंच बंद झालं. बाईंची मुलगी नम्रता मोहोपाड्याला राहते, जावई तिथल्याच एका कारखान्यात आहे. दोघांनी येऊन एक लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर टेबलावर मांडून दिला. जावयाने लॅपटॉपमध्ये अक्षरांची मांडणीसुद्धा जुन्या टायपरायटरची बसवली, म्हणजे बाईंची बोटं चुकायला नकोत.

बोटं चुकली नाहीत, पण सवयी कुठे जातात. ओळ संपली की बाईंचा डावा हात आपोआप उठे, टायपरायटरचा गाडा ढकलायला. पहिल्याच दिवशी त्या हाताने चहाचा कप उडवला आणि तो प्रिंटरच्या कोऱ्या कागदांवर सांडला. कप उजवीकडे ठेवायला लागल्यावर त्यांनी दर ओळीच्या शेवटी एंटर मारायला सुरुवात केली. ओळ संपली की ती संपवायला नको का, असा त्यांचा सवाल होता. शेजारच्या ऑनलाईन सेंटरवाल्या निलेशने एकदा त्यांचा अर्ज जरा मोठ्या अक्षरात छापून दिला, तर अर्ध्या ओळी कागदाच्या मधेच तुटल्या आणि अर्जदाराच्या वडिलांचं नाव एकटंच एका ओळीत जाऊन बसलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. खरं दुखणं निराळंच होतं. लॅपटॉपची ती चपटी बटणं दाबली काय आणि नुसती कुरवाळली काय, बोटाला काही कळत नसे. अक्षर पडलं का, हे पाहायला दर वेळी मान वर करायची. इतकी वर्षं बाई समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघत टाईप करत आल्या होत्या. आता तोंड तिकडे नि डोळे इकडे. कुणी हुंकारच देत नाही आणि आपण गोष्ट सांगत सुटलोय, तसं त्यांना वाटत राही.

आणि माणसं आटत गेली. येत, समोरच्या स्टुलावर बसत, नाव सांगत, गाव सांगत, आणि पुढे अडत. मागे वळून बघत. "बाकी तुमाला म्हाईतच हाय बाई, लिवा तुमच्या मनानं," म्हणत आणि उठत. काही तर नुसती बसून, तब्येत विचारून निघून जात. कोंडाणे गावाच्या वरच्या ठाकूरवाडीतली पारू आपल्या दिरासोबत दोनदा आली. पहिल्यांदा आधारकार्ड विसरलं म्हणाली, दुसऱ्यांदा डोकं दुखतंय म्हणाली. दीर पोशा चरफडत तिला परत घेऊन गेला.

बाईंनी मनाशी ठरवून टाकलं की आपली भाषा जुनी झाली. लोकांना आता आपल्या अर्जात राम वाटत नाही. त्यांनी नम्रताला फोन केला आणि दिवाळीनंतर टेबल उचलते म्हणून सांगितलं. सांगताना आवाज अगदी ठणठणीत होता. फोन ठेवल्यावर मात्र त्या मोरीत गेल्या आणि बराच वेळ तोंड धूत राहिल्या. ते टेबल गेलं तर उद्या सकाळी उठून साडी कशासाठी बदलायची, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

भाऊबीजेला नम्रता आली ती एक जड खोकं घेऊन. त्यातून निघाला एक कीबोर्ड. गोल गोल बटणं, प्रत्येकाला चंदेरी कड, रंग जुन्या कपाटासारखा हिरवट. वायर लॅपटॉपला जोडायची, की झालं.

"हे काय भातुकलीतलं आणलंस गं?" बाई म्हणाल्या.

"आई, आता लोक मुद्दाम असे घेतात. माझ्या ऑफिसातल्या पोरीकडे आहे. प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग असते. तू घरी बसून हौस भागव."

घरी बसून, हा शब्द बाईंना बोचला. तरी त्यांनी एक बटण दाबलं. बोट खाली जाता जाता वाटेत एक बारीकशी अडचण आली, ती ओलांडली आणि टक् असा आवाज झाला. बाईंनी हात मागे घेतला. पुन्हा दाबलं. अक्षर पडलं हे डोळ्यांच्या आधी बोटाला कळलं होतं. टायपरायटरला जीव खाऊन ठोकावं लागे, संध्याकाळपर्यंत मनगटं भरून येत. इथे बोट अर्ध्या वाटेत असतानाच अक्षर उमटत होतं आणि बटण बोटाला हलकेच वर लोटत होतं. बाईंनी क्लासमधला पहिला धडा टाईप केला, मग दुसरा. त्यांचा चेहरा असा काही झाला होता की नम्रताने फराळाचं ताट तसंच धरून ठेवलं.

"पत्र्यावर गारा पडतात की काय गं?" येसाजींनी अंगणातून विचारलं.

येसाजी आत आले, बघितलं, आणि टीव्हीचा आवाज वाढवून बसले.

कचेरी उघडली त्या सोमवारी बाईंनी कीबोर्ड पिशवीत घालून टेबलावर नेला. निदान जाता जाता चार दिवस तरी मनासारखं काम करू, एवढाच हिशेब होता. पहिल्याच सकाळी निलेश तक्रार घेऊन आला. "बाई, हे काय चालवलंय? माझ्या काउंटरवरचं माणूस काय बोलतंय ते मला ऐकू येत नाय." बाईंनी त्याला आलं घालून केलेला चहा पाजला आणि खडखडाट चालू ठेवला.

त्याच आठवड्यात त्यांचं जुनं गिऱ्हाईक आबाजी आले. भाताची शेती, तीन मुलगे, आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही, त्यामुळे आबाजींना सतत कसला ना कसला अर्ज करायचाच असतो. मधले काही महिने ते फिरकले नव्हते. स्टुलावर बसले, आवाज ऐकला, आणि टेबलावर ओणवून धाकट्या मुलाचं जे काही होतं ते एका दमात सांगून मोकळे झाले. बाईंची बोटं पळत होती.

"आबाजी, इतके दिवस कुठं होता?" शेवटी बाईंनी विचारलंच. "माझी भाषा बिघडली काय?"

"भाषेचं आमाला काय कळतंय बाई?" आबाजी म्हणाले. "तुमी साहेबाला काय लिवता ते तुमाला ठावं. पण त्या मुक्या मशिनीवर बोलायची सोयच नव्हती. मागं बाकड्यावर समदा गाव बसल्याला. हितं बोललेलं घरी पोचायच्या आदी घरी पोचतंय. ह्या खडखडीत कसं, माझं तुमाला आन तुमचं मला, बाकड्याला काय बी नाय."

बाईंची बोटं थांबली. आबाजींनी लगेच मान वळवून बाकड्याकडे बघितलं, तशी त्या पुन्हा टाईप करू लागल्या.

म्हणजे हे होतं तर. इतकी वर्षं साहेबाच्या काळजाला हात घालणारी म्हणून जी भाषा त्यांनी जेवताना मिरवली, तिच्यासाठी कुणीच येत नव्हतं. लोक येत होते ते आडोशाला. बाईंना वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. त्या दिवशी जेवताना त्या गप्प होत्या आणि येसाजींनी सवयीने दोनदा हो म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी टेबलावर बसताना त्यांना जरा वेगळंच वाटलं. ज्याला चारचौघांत तोंड उघडता येत नाही त्याला आपल्यासमोर उघडता येतं, ही काय लहान गोष्ट आहे? त्यांनी नम्रताला फोन करून टेबल आणखी थोडे दिवस राहू दे म्हणून सांगितलं. थोडे म्हणजे किती, हे नम्रताने विचारलं नाही.

आणि मग पारू तिसऱ्यांदा आली.

पारूचा नवरा गोमा मागच्या वर्षी गेला. ठाकूरवाडीच्या वर, डोंगरउतारावर त्यांची कसायची जमीन होती. इकडे तिला दळी म्हणतात. नवराबायकोने मिळून ती राखली होती, नाचणी नि वरी पिकवली होती. आता दळीच्या कागदावर नाव लागायची वेळ आली आणि पोशाला ती एकट्याच्या नावावर हवी होती. त्यासाठी वहिनीचा एक कागद लागत होता, की आपली काही हरकत नाही.

"बाई, हरकत नाय आसं लिवा हिचं," पोशाने उभ्या उभ्या सांगितलं. "आज आधारकार्ड हाय, डोकं बी दुखत नाय." आणि तो मागे बाकड्यावर, त्याच्या वाडीतली दोन माणसं बसली होती त्यांच्याजवळ जाऊन टेकला.

बाईंनी सुरुवात केली. नाव, गाव, पती कैलासवासी गोमा. बटणं वाजायला लागली तशी पारू स्टुलावरून पुढे सरकली. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "बाई, मला हरकत हाय."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. काय टाईप करावं ते त्यांना सुचेना, आणि थांबणं तर शक्यच नव्हतं. थांबलं तर बाकडं ऐकणार. म्हणून त्या क्लासमधला पहिला धडा टाईप करत सुटल्या, तीच तीच अक्षरं, ओळीमागून ओळ, अर्थाचा पत्ता नाही. "बोल तू," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "मी हात थांबवत नाही."

पारू बोलली. गोमा आजारी पडल्यावर एकटीने दळी कशी राखली, रानडुकरांच्या मागे रात्री कशी फिरली, आणि गोमा गेल्यावर ती दळी एकाएकी पोशाची कशी झाली. घरी बोलली तर, तुला एकटीला काय करायचीय जमीन, म्हणतो. "माजं नाव लावा बाई. पोशाचं बी राहू द्या, तो बी घाम गाळतो. पण माजं लावा."

बाईंनी धडा पुसला आणि अर्ज लिहिला. सुंदर भाषा वगैरे काही आठवली नाही. पारू जे बोलली होती तेच लिहिलं, आणि ओळीच्या शेवटी एंटर मारायचंसुद्धा विसरून गेल्या.

प्रिंटरमधून कागद आला. पोशा उठून टेबलाशी आला. बाईंची रीत त्याला ठाऊक होती, वाचून दाखवल्याशिवाय त्या अंगठा घेत नाहीत.

"झालं का बाई? वाचा की मंग."

पोशा वाईट माणूस नव्हता, पण घरी गेल्यावर पारूला त्याच्याच उंबऱ्यात राहायचं होतं. बाईंचे हात आपसूक बटणांवर गेले आणि पुन्हा खडखडाट सुरू झाला. "थांब, जरा दुरुस्ती आहे," त्या म्हणाल्या.

पारूने हात पुढे केला आणि बाईंच्या बोटांवर ठेवला. शेतात राबलेला जड हात. त्याखाली सगळी बटणं दबली आणि शेड एकदम शांत झाली.

"ऱ्हाऊ द्या बाई," ती म्हणाली. मग ती स्टुलावर तशीच बसून मागे वळली, आणि पदर तोंडावरून काढला. "भावजी, मला हरकत हाय. दळी आमा दोघांची व्हती. तुमचं नाव लागू द्या, पण माजं बी लागंल. तसंच लिवलंय बाईंनी."

निलेश काउंटरमागून वाकून बघत होता. पोशाने आपल्या वाडीतल्या त्या दोन माणसांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"हे घरी बोलायचं व्हतं ना वैनी," तो हळूच म्हणाला.

"घरी बोलले व्हते. तितं तुमी एकलेच ऐकत व्हता."

बाईंनी शाईची डबी उघडली आणि पारूच्या पुढे सरकवली.